आधी सनद विचारा



गेल्या वर्षीच्या गणेशोत्सव अंकात शेवटून दुसऱ्या पानावर, उकडीच्या मोदकांच्या जाहिरातीखाली, पाव पानाची एक चौकट होती. इमिग्रेशन, व्हिसा, ग्रीन कार्ड, नोटरी. आपल्या भाषेत, माफक दरात. आणि खाली फोन नंबर. ती चौकट कात्रीने कापून, गोंदाने चिकटवून, झेरॉक्सच्या काचेवर सरळ बसवण्याचे काम आमच्याकडे होते. जाहिरातीचे १५० डॉलर मिळाले. कागद आणि टपालाची तिकिटे त्यात भागली म्हणून खजिनदारांनी आमची पाठही थोपटली. जाहिरात देणारे गृहस्थ कोण, त्यांच्याकडे वकिलीचे लायसन्स आहे की नाही, हे आम्ही विचारले नाही. कार्यकारिणीत कोणीच विचारले नाही. आपला माणूस, बोलायला गोड, वर्गणीही वेळेवर देतो. मग विचारायचे कशाला?

त्या न विचारण्याची किंमत आपल्या मंडळातल्या एका कुटुंबाने मोजली. त्यांच्या परवानगीने, पण नाव-गाव न सांगता, ती हकीकत इथे देत आहोत.

साताऱ्याकडच्या एक आजी मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी मे महिन्यात इथे आल्या. व्हिसा दहा वर्षांचा होता. विमानतळावर मुक्काम मिळाला सहा महिन्यांचा, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. बाळंतपणानंतर मुलीची प्रकृती बिघडली आणि आजींनी आणखी दोन महिने राहावे असे ठरले. मुदत वाढवून घेण्यासाठी आय-५३९ नावाचा अर्ज असतो. तो मुदत संपण्याआधी पोचावा लागतो. जावयांनी गणेशोत्सवात आम्हाला विचारले, कोणी ओळखीचे आहे का? आम्ही अंक उघडून त्या चौकटीवर बोट ठेवले. 'आपलेच आहेत, स्वस्तात करतात,' हे शब्द आमचे.

त्या सल्लागारांनी ६०० डॉलर रोख घेतले आणि सांगितले, व्हिसा दहा वर्षांचा आहे, घाई कसली? अर्ज गेला डिसेंबरात, मुदत संपून तीन आठवडे झाल्यावर. अर्जात 'हा अर्ज कोणी तयार केला' अशी एक जागा असते. ती कोरी होती. म्हणजे सरकारच्या लेखी सगळी चूक आजींची आणि सही त्यांचीच. पुढे अर्ज नामंजूर झाला. मुदत ओलांडून राहिल्यामुळे इथल्या कायद्याप्रमाणे तो दहा वर्षांचा व्हिसाच बाद ठरला. परत गेल्यावर आजींनी मुंबईला नव्याने अर्ज केला, तोही नाकारला गेला. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला आजींनी साताऱ्याच्या घरी निरांजन लावून फोनच्या पडद्यासमोर ओवाळले. सल्लागारांचा फोन त्याआधीच बंद झाला होता.

या सगळ्यात एकच शहाणपणाचा प्रश्न विचारला गेला, तो संक्रांतीच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात. आपल्याकडच्या एक वहिनी पुण्याला शिवाजीनगर कोर्टात आठ वर्षे वकिली करून इथे आल्या आहेत. आजींची गोष्ट कानावर पडताच त्यांनी विचारले, "त्या माणसाची सनद बघितलीत का?" सगळे गप्प. मग कोणीतरी म्हणाले, "वहिनी, तुम्हीच सांगा ना काय करायचं ते." त्यावर त्या म्हणाल्या, "मला इथली सनद नाही. मी सल्ला देणार नाही. सनद असलेल्या वकिलाकडे उद्याच्या उद्या जा."

हे उत्तर ऐकून काहींना राग आला. एवढी शिकलेली बाई, दोन शब्द सांगायला काय जाते? आम्हालाही क्षणभर तसेच वाटले. पण आता वाटते, त्या संध्याकाळी खोलीत कायदा कळणारी एकच व्यक्ती होती आणि तिनेच सल्ला द्यायला नकार दिला. ज्यांना कायदा कळत नव्हता त्यांनी मात्र तीन महिने सल्ले दिले होते. त्यात आम्हीही आलो.

जावई दुसऱ्या दिवशी एका लायसन्सवाल्या वकीलबाईंकडे गेले. एका तासाचे २०० डॉलर झाले. त्यांनी सांगितले की अर्जावर फार भिस्त ठेवू नका, आजींना लवकर परत पाठवा. बेकायदा मुक्कामाचे १८० दिवस उलटल्यावर परत गेल्या तर तीन वर्षे प्रवेशबंदी लागेल. आजी जानेवारीअखेर परतल्या. निदान ती बंदी टळली. आधीच तिथे गेलो असतो तर ६०० डॉलर वाचले असते आणि व्हिसाही.

आता ही फसगत होते कशी? आमच्या मते तिचे मूळ 'नोटरी' या एका शब्दात आहे.

आपल्याकडे कोर्टाच्या आवारात टेबल मांडून, काळा कोट घालून बसलेला नोटरी हा वकील असतो. भारताचा नोटरी कायदा १९५२ चा आणि नियम १९५६ चे. त्या नियमांप्रमाणे नोटरी व्हायला वकिलीचा साधारण दहा वर्षांचा अनुभव लागतो. स्त्रिया आणि मागास प्रवर्गातील वकिलांना सात वर्षांचा. म्हणून नोटरीचा शिक्का दिसला की आपल्या मनात आपोआप 'जुना जाणता वकील' उभा राहतो. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या लोकांचेही असेच होते. त्यांच्याकडे 'नोतारिओ' हा कायद्याचा पदवीधर आणि मोठा मान्यवर अधिकारी. इथल्या पाट्यांवर तो शब्द लावून त्यांना इतके फसवले गेले की अनेक राज्यांनी तो शब्द जाहिरातीत वापरायलाच बंदी केली.

इथला नोटरी पब्लिक म्हणजे कोण? आपल्या न्यू जर्सीत वय अठरा पूर्ण हवे, अर्ज आणि शुल्क हवे. अलीकडे वकील नसलेल्यांसाठी काही तासांचा अभ्यासक्रम आणि छोटी परीक्षा आली आहे. झाला पाच वर्षांसाठी नोटरी. त्याचे काम एवढेच की समोर बसून सही करणारा माणूस तोच आहे याची खात्री करणे आणि शिक्का मारणे. पुण्याच्या फ्लॅटसाठी मुखत्यारपत्र करायचे असेल तर हा शिक्का कामाचा आहे. त्यावर राज्य सरकारचे अपोस्टिल घेऊन कागद भारतात पाठवता येतो. पण त्या मुखत्यारपत्रात काय लिहावे, हे नोटरीने सांगायचे नाही. ते सांगायला सनद लागते, आणि फ्लॅट पुण्यात असल्यामुळे तिथल्या कायद्यापुरती तिथली सनद लागते.

तर मग इथली सनद म्हणजे काय? आम्ही कायद्याचे अभ्यासक नव्हे, पण या प्रकरणानंतर थोडी चौकशी केली. ती थोडक्यात अशी.

भारतात १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टप्रमाणे एका राज्याच्या बार कौन्सिलमध्ये नाव नोंदवले की सनद मिळते. आपल्याकडे ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल देते. अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्या सनदेवर देशात कुठेही उभे राहता येते. अमेरिकेत तसे नाही. पन्नास राज्यांच्या पन्नास सनदा, राजधानी वॉशिंग्टनची वेगळी. बहुतेक राज्यांत आधी चार वर्षांची पदवी, मग मान्यताप्राप्त लॉ स्कूलमध्ये तीन वर्षे, मग बारची परीक्षा, व्यावसायिक नीतिनियमांची वेगळी परीक्षा, आणि शेवटी चारित्र्याची तपासणी. या तपासणीत जुनी कर्जे, खटले, कॉलेजातली कॉपी, सगळे विचारले जाते. सनद देते ते राज्याचे न्यायालय. न्यू जर्सीत राज्याचे सर्वोच्च न्यायालय, न्यूयॉर्कमध्ये अपील न्यायालयाचा विभाग.

इथे आणखी एक घोटाळा होतो. 'स्टेट बारचा सभासद' हे शब्द सगळीकडे एका अर्थाचे नाहीत. कॅलिफोर्नियात १९२७ पासून वकिली करायची तर स्टेट बारचे सभासदत्व सक्तीचे आहे. सभासदत्व आणि सनद जवळजवळ एकच. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत मात्र स्टेट बार असोसिएशन ही ऐच्छिक संघटना आहे, आपल्या मंडळासारखी. सभासद नसलेला वकीलही पक्का सनदी असू शकतो. म्हणून भिंतीवरचे असोसिएशनचे प्रमाणपत्र बघून भुलू नये. विचारायचे ते असे: कोणत्या राज्याची सनद, नंबर काय, आणि ती आज चालू आहे का?

इमिग्रेशनचा कायदा केंद्र सरकारचा. त्यामुळे कुठल्याही एका राज्याची चालू सनद असलेला वकील दुसऱ्या राज्यातल्या माणसाचे इमिग्रेशनचे काम बघू शकतो. घराचा व्यवहार, मृत्युपत्र, घटस्फोट हे मात्र राज्याच्या कायद्याचे विषय. तिथे त्या राज्याची सनद हवी. वकिलांखेरीज आणखी एक वर्ग आहे, तो लक्षात ठेवावा. काही सेवाभावी संस्थांना केंद्राच्या न्याय खात्याने मान्यता दिलेली असते आणि तिथल्या ठरावीक माणसांना वकील नसतानाही इमिग्रेशनचे काम करण्याचा परवाना असतो. त्यांची यादी जाहीर असते. या दोन्हींत न बसणाऱ्या 'कन्सल्टंट' मंडळींनी पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देणे हा न्यू जर्सीच्या फौजदारी कायद्यात गुन्हा आहे. आणि अशा माणसाची जाहिरात आपण पाव पान छापली!

आमचा धंदा रसायनशास्त्राचा. आम्हाला कोणी विचारेल, एवढे सनदेचे कौतुक कशाला? सनद असलेले सगळे वकील हुशार असतात का? सचोटीचे असतात का? मुळीच नाही. सनदी वकिलानेही तारीख चुकवल्याची उदाहरणे आपल्या मंडळात आहेत. फरक पुढे पडतो. सनद असलेल्याने गोंधळ घातला तर तक्रार करायला जागा असते. न्यू जर्सीत वकिलांच्या वर्तणुकीची चौकशी करणाऱ्या जिल्हावार समित्या आहेत. फीवरून वाद झाला तर लवाद आहे, आणि तो अशिलाने मागितला तर वकिलाला टाळता येत नाही. अशिलाचे पैसे वकिलाने स्वतःच्या खात्यात न मिसळता वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवावे लागतात. ते खाल्लेच, तर भरपाईसाठी सगळ्या वकिलांच्या वर्गणीतून उभा केलेला निधी आहे. दर दोन वर्षांत २४ तासांचे शिक्षण घेतल्याखेरीज सनद चालू राहत नाही. आणि तुम्ही जे सांगाल ते गुप्त ठेवण्याचे बंधन आहे.

आमच्या प्रयोगशाळेत लेबल नसलेली बाटली सापडली तर आत बहुधा पाणीच असते. तरी ती कोणी वापरत नाही. लेबल असले म्हणजे माल शुद्धच असतो असेही नाही, पण त्यावर कंपनीचे नाव आणि लॉट नंबर असतो. प्रयोग फसला तर कोणाला फोन करायचा ते कळते. आजींच्या जावयांकडे फोन करायला असा नंबरच नव्हता. पोलिसांत जायचे तर त्यांना भीती वाटली की आपलेच कागद उकरले जातील.

इथे कोणी म्हणेल, या सनदा म्हणजे दारावरचे पहारेकरी, आपल्यासारख्यांना बाहेर ठेवण्यासाठीच उभे केलेले. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते आम्ही झाकून ठेवणार नाही. हाँग येन चँग हे चिनी गृहस्थ कोलंबिया विद्यापीठातून कायदा शिकले आणि १८८८ मध्ये न्यूयॉर्कला वकील झाले. १८९० मध्ये कॅलिफोर्नियाने त्यांना केवळ चिनी म्हणून सनद नाकारली. ती मिळाली २०१५ मध्ये, मरणोत्तर.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण सखाराम गणेश पंडित यांचे. जन्म अहमदाबादचा, १८७५ चा. लॉस एंजेलिसला १९१४ मध्ये ते अमेरिकन नागरिक झाले आणि १९१७ मध्ये त्यांना कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळाली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांचा नागरिकत्वाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा थिंद यांचे वकील हेच पंडित. तो खटला ते हरले. हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल लागला. त्यानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या आपल्या लोकांची नागरिकत्वे काढून घ्यायला सुरुवात केली, आणि त्यात खुद्द पंडितांवरही खटला घातला.

त्या काळी वकिलीला नागरिकत्व लागत असे. नागरिकत्व गेले की सनद गेली, सनद गेली की पोट गेले. पंडितांनी न्यायालयापुढे आपल्या बाजूने मांडलेल्या गोष्टींत हीसुद्धा होती: तुम्ही मला नागरिक केले, त्या भरवशावर मी हा व्यवसाय उभा केला, घर केले, लग्न केले. शिवाय १९१४ च्या निकालावर सरकारने त्या वेळी अपील केले नव्हते. एकदा लागलेला निकाल इतक्या वर्षांनी उकरता येणार नाही. १९२६ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू ऐकायला नकार दिला, आणि मग सरकारने इतर हिंदी लोकांवरचे असे खटले सोडून दिले. सनद हातात असलेला एक माणूस कोर्टात ठाम उभा राहिला, आणि त्याच्यामुळे इतरांचीही नागरिकत्वे वाचली.

नागरिकत्वाची ती अट पुढे गेली. १९७३ मध्ये एका डच बाईंच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ नागरिक नाही म्हणून वकिलीची सनद नाकारता येत नाही. म्हणजे पहारेकऱ्याशी भांडून दार उघडून घेणारे लोक होऊन गेले. त्या दारातून आज आपल्यापैकी कोणी गेले तर त्यांचे उपकार फिटतील. कुंपणाला भोक पाडून आत घुसलेला कन्सल्टंट त्यांच्या परंपरेतला नव्हे.

यावरून त्या पुण्याच्या वहिनींची आठवण होते. आपल्या मंडळात भारतातली एलएल.बी. झालेली बरीच माणसे आहेत, त्यांत बायका अधिक. त्यांच्यापैकी काहींची अशी समजूत आहे की इथे वकील व्हायचे तर पहिल्यापासून तीन वर्षे लॉ स्कूल आणि डोक्यावर मोठे कर्ज. अनेक राज्यांत ते खरे आहे. पण न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाचे नियम वेगळे आहेत. न्यूयॉर्कमध्ये इंग्रजी कॉमन लॉच्या परंपरेतल्या देशातून किमान तीन वर्षांचे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त कायद्याचे शिक्षण झालेले असेल, तर कागदपत्रांची छाननी होऊन थेट परीक्षेला बसता येऊ शकते. शिक्षणात काही कमी पडले तर इथल्या मान्यताप्राप्त लॉ स्कूलची एलएल.एम., किमान २४ क्रेडिटची, करून ती उणीव भरून काढता येते. पुढे बारची परीक्षा, नीतिनियमांची परीक्षा, ५० तासांची विनामूल्य कायदेसेवा आणि चारित्र्याची तपासणी आहेच. कॅलिफोर्नियात परदेशची चालू सनद असलेल्या वकिलाला एलएल.एम.शिवायही परीक्षेला बसण्याची सोय आहे. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा असल्यामुळे न्यूयॉर्कच्या सनदेवर आपल्यासारख्या लोकांची कामे करता येतात, हे वर सांगितलेच.

एक सावधगिरी मात्र हवी. सनद म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे. एच-४ वर असलेल्या जोडीदारांपैकी काहींना २०१५ पासून काम करण्याची परवानगी मिळू शकते, पण ती जोडीदाराचा ग्रीन कार्डचा अर्ज एका ठरावीक पायरीपर्यंत पोचला असेल तरच. आणि परीक्षेचे नियम बदलत असतात. पैसे भरण्याआधी त्या त्या राज्याच्या परीक्षा मंडळाकडून लेखी उत्तर घ्यावे.

हे सगळे सांगायचे कारण असे की आपल्या लोकांना आपल्या भाषेत बोलणारा माणूस हवा असतो, आणि ती गरज खोटी नाही. सासूबाईंच्या व्हिसाची कथा इंग्रजीत सांगताना अर्धी गळून जाते. कन्सल्टंटचे दुकान त्या गरजेवर चालते. ते बंद करण्याचा खरा उपाय म्हणजे मराठी बोलणारे सनदी वकील. ते आपल्या मंडळातच, संक्रांतीला तिळगूळ वाटत, पोळ्या लाटत बसलेले आहेत.

कार्यकारिणीत हा विषय काढला तेव्हा तीन आक्षेप आले. पहिला: वकील फार महाग. खरे आहे. पण आजींच्या बाबतीत स्वस्त पडले कोण? एका तासाचा सल्ला घेऊन साधा अर्ज स्वतः भरता येतो. मान्यताप्राप्त सेवाभावी संस्था कमी फीमध्ये कामे करतात. रटगर्ससारख्या विद्यापीठांच्या लॉ स्कूलमध्ये प्राध्यापकांच्या देखरेखीखाली चालणारी क्लिनिके आहेत. दुसरा आक्षेप: माणसाला तोंडावर सनद विचारणे बरे दिसत नाही. आपण भाजीवाल्याकडे टोमॅटो दाबून बघतो, नवऱ्या मुलाचा पगार विचारतो, तेव्हा बरे दिसते का? सनदी वकिलाला या प्रश्नाचा राग येत नाही; त्याला नंबर लिहून देण्याची सवय असते. ज्याला राग येईल त्याच्याकडे जाऊच नये.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत जास्त लागला, कारण तो आमच्यावरच होता. 'मग मंडळाचे कार्यकर्ते दर शनिवारी लोकांचे फॉर्म भरून देतात, त्याचे काय?' आमच्या नावामागे डॉक्टर आहे, तो रसायनशास्त्राचा. तरी दर सहलीला चार जण गुडघा दाखवतात, आणि आम्ही हात जोडून सांगतो की काका, खऱ्या डॉक्टरकडे जा. फॉर्मच्या बाबतीत मात्र आम्ही कधी हात जोडले नाहीत. 'इथे नाही लिहा', 'हा नको, तो फॉर्म लावा', असे बेधडक सांगत आलो. पैसे घेत नाही एवढाच आमच्यात आणि त्या कन्सल्टंटमध्ये फरक. चुकीच्या रकान्यातली खूण फुकट मारली म्हणून कमी चुकीची होत नाही.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही हे ठराव ठेवत आहोत.

एक. कायद्याच्या कामाची कोणतीही जाहिरात, त्यात सनद कोणत्या राज्याची आणि नंबर काय हे छापल्याशिवाय, आपल्या अंकात घेऊ नये. छापण्याआधी तो नंबर एका कार्यकर्त्याने त्या राज्याच्या जाहीर नोंदीत पडताळून बघावा. नावावरून शोधता येते, पैसे पडत नाहीत, पाच मिनिटे लागतात. सनद चालू, स्थगित की रद्द, हेही तिथे दिसते.

दोन. शनिवारच्या मदतीत कार्यकर्त्यांनी भाषांतर करावे, झेरॉक्स काढावी, पाकिटावर पत्ता लिहावा, तारखेची आठवण करावी. कोणता फॉर्म लावायचा आणि कोणत्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, हे सांगू नये. तशी पाटी टेबलावर असावी.

तीन. सनदी वकील आणि मान्यताप्राप्त संस्था यांची पडताळलेली यादी दर वर्षी एका अंकात द्यावी.

चार. मंडळातल्या एलएल.बी. झालेल्यांची एक बैठक घ्यावी आणि न्यूयॉर्कच्या परीक्षेला बसू इच्छिणाऱ्यांसाठी पुस्तकांची आणि अभ्यासाच्या वेळी मुले सांभाळण्याची सोय करावी. नाटकाच्या तालमींसाठी आपण मुले सांभाळतो, तशीच.

पहिल्या ठरावाने जाहिरातीचे पैसे कमी होतील. खजिनदारांनी हिशेब दाखवला. दोन अंकांत मिळून साधारण ३०० डॉलरची तूट. अंकाची चार पाने कमी करावीत किंवा वर्गणी पाच डॉलरने वाढवावी. आम्ही वर्गणी वाढवण्याच्या बाजूचे आहोत. गेल्या वर्षीचे १५० डॉलर आम्हाला फार महाग पडले.

सभेपर्यंत ज्यांची कामे अडली आहेत त्यांनी घरच्या घरी एवढे करावे. वकिलाचे नाव जाहीर नोंदीत बघावे. इमिग्रेशनचे काम दिले असेल तर जी-२८ नावाच्या फॉर्मची प्रत मागावी. वकील तुमच्या वतीने उभा आहे हे सरकारला कळवणारा तो कागद. त्यावर सनद देणाऱ्याचे नाव आणि नंबर लिहावा लागतो. वकील म्हणवणारा माणूस तुमचे प्रकरण चालवतो पण जी-२८ भरत नाही, तर कारण विचारावे. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. रोख पैसे पावतीशिवाय देऊ नयेत. मूळ पासपोर्ट कोणाच्या कपाटात ठेवू नये. आणि पाहुण्यांच्या बाबतीत व्हिसावरची तारीख सोडून आय-९४ वरची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी.

हा लेख म्हणजे कायद्याचा सल्ला नव्हे. आमच्याकडे सनद नाही. वाचून कोणाला आपले कागद तपासावेसे वाटले तर ते घेऊन आमच्याकडे येऊ नये, सनद असलेल्याकडे जावे. सभेला मात्र सर्वांनी यावे. आजींच्या लेक-जावयांनीही येण्याचे कबूल केले आहे. त्यांच्यासमोर बसून हा ठराव नामंजूर करायचा असेल तर तो हात वर करून करावा.

चूकभूल द्यावी घ्यावी. लोभ आहेच, तो वाढावा.

— आपल्या मंडळाचा एक कार्यकर्ता